पेवातलं बी

माझी आक्का वऱ्हाडात दिली होती. आमचं गाव जिंतूरच्या वरच्या अंगाला, मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, अगदी कडेला. तिचं सासर हद्दीपलीकडे, इंग्रजांच्या मुलखात. बैलगाडीनं पहाटे निघालं की दिवस बुडायच्या आत तिच्या दारात पोचता यायचं. वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागायचा. तिथला शिपाई गाडीतला कडबा काठीनं टोचून बघायचा, जाऊ द्या म्हणायचा, आणि पुढे पुन्हा तीच काळी जमीन, त्याच बाभळी, तीच ज्वारी. लहानपणी मला वाटायचं, हद्द म्हणजे डोळ्यांना काहीतरी दिसत असेल, निदान मातीचा रंग तरी बदलत असेल. तसं काही नव्हतं. ढगसुद्धा इकडचे तिकडे जायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी सिकंदराबादहून परत आले. मामा तिथे रेल्वेत होते. त्यांच्या घरी राहून मी इंग्रजी शाळेत शिकले, आणि मॅट्रिक झाल्यावर बापूंनी, माझ्या वडिलांनी, मला घरी आणलं, कारण आता माझं लग्न ठरवायचं होतं. गावात माझ्याशी बोलायला फारसं कोणी नव्हतं, आणि मलाही बोलायची फार हौस नव्हती. मी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, जाऊन बसायची. आमचं अंगण आणि शेजारच्या काकांचं अंगण यांच्यामध्ये एक बुटकी भिंत होती. त्यांच्या अंगणात काय चाललंय ते मला वर बसल्या बसल्या दिसायचं.

काका आमच्या नात्यातले नव्हते. ते लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारे. आमच्या घरी मटण शिजलं की काकू त्या दिवशी आमच्या ओट्यावर चढायच्या नाहीत; भिंतीपलीकडूनच माझ्या मायशी बोलायच्या, आणि बोलणं मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ चालायचं. दोन लेकी होत्या, त्या नांदायला गेलेल्या. जमीन थोडी, बैल एकच. पेरणीला जोडीचा दुसरा बैल आमचा जायचा आणि त्याच्या बदल्यात काका आमच्या रानात राबायचे.

त्या हिवाळ्यात दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, एक छापील कागद घेऊन आले. तिकडच्या सरकारचं इंग्रजी पत्रक होतं. दाजींना त्यातलं सगळं आधीच माहीत होतं, तरी त्यांनी तो माझ्या हातात दिला. ‘‘मेव्हणीबाई, वाचा. एवढं शिकलात ते आमाला बी ऐकू द्या.’’

ओसरीवर बापू होते, काका होते. मी खाली बघून वाचलं आणि मराठीत सांगितलं. जो जास्त धान्य पिकवील त्याला सुधारलेलं बियाणं कमी किमतीत मिळेल. विहीर खणली तर खर्चातला काही वाटा सरकार उचलील. खतावर सूट.

काका पुढे सरकून बसले. ‘‘म्हंजी सरकार देतंय? घेत न्हाई?’’

‘‘घेतंय बी,’’ दाजी म्हणाले. ‘‘लढाई हाय, कोन सोडतंय. पर आदी देतंय, मंग घेतंय.’’

‘‘आमचं आदी घेतंय,’’ काका म्हणाले, ‘‘अन् मंग बी घेतंय.’’

बापू मोठ्यानं हसले. मला का कोण जाणे, धीर आला आणि मी शाळेत ऐकलेलं सांगून टाकलं, की अमेरिकेत तर धान्य फार झालं आणि भाव पडले तेव्हा सरकारनं शेतकऱ्यांना कमी पेरा म्हणून पैसे दिले.

मग काकांनी मला पुन्हा विचारलं, ‘‘न पेरायचे पैसे?’’

‘‘हो.’’

‘‘आरं मंग माझ्या चुलत्याला धाडा की तिकडं! जन्मात त्यानं काई पेरलं न्हाई. नवाब हून यील.’’

दारातून काकू म्हणाल्या, ‘‘तुमी बी जा त्याच्यासंगं. पेरता तवा तरी काय उजेड पडतोय.’’

काकांना हसता हसता ठसका लागला. पण जाताना त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, आणि परत दिला.

पुढे आक्का बाळंतपणाला आली तेव्हा मला आतल्या खोलीत म्हणाली, ‘‘विहीर यांना भेटली, कारन आमचं रान मोठं हाय अन् सायबाकडं यांचं जानं-येनं हाय. गावात बारक्या लोकांनी अर्ज केले, त्यांचं आजून बगायलेत.’’ म्हणजे तिकडेही सगळ्यांना मिळत होतं असं नाही. पण मिळू शकतं, ही गोष्ट तरी तिथे होती.

आमच्याकडे लेव्ही होती. सरकार ठरवील तेवढी ज्वारी, सरकार ठरवील त्या भावानं द्यायची. तो भाव बाजाराच्या भावाच्या आसपासही नसायचा. आणि ती पिकावर धरलेली नव्हती, जमिनीवर धरलेली होती. रान किती, त्यावर ज्वारी किती, हे आधी ठरायचं. पिकलं किती हा विचार मागून, झाला तर. पटवारी आमच्या घरी जेवायला यायचे. माय त्यांच्यासाठी पुरणाचं करायची. त्या वर्षी आमच्या रानातलं बरंच रान कागदावर पडीक लागलं. काकांकडे पटवारी जेवायला कशाला जातील? त्यांची जमीन बांधापासून बांधापर्यंत पेरलेली लागली.

बियाण्यापुरतं ठेवायला हुकमात परवानगी आहे, असं लोक म्हणत. असेलही. पण शिपाई घरात शिरला की बी कोणतं आणि खायचं कोणतं, हे विचारत नसे. दिसेल तो दाणा गाडीत जायचा.

काकूंचं बी गावात प्रसिद्ध होतं. ज्वारी निसवून दाणा भरला की त्या एकट्या रानात जायच्या आणि उभ्या पिकातून कणसं निवडायच्या. दांडा वाकवून बघायच्या, दाणा दातानं फोडायच्या, पाचातली चार नापसंत करायच्या. निवडलेल्या कणसांना त्या चिंधी बांधायच्या, आणि ती वेगळी कापायची, वेगळी मळायची, राख आणि लिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायची. हे बी त्यांच्या सासूनं त्यांच्या हाती दिलं होतं. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा. त्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची. माय दर वर्षी थोडं मागायची आणि काकू दर वर्षी म्हणायच्या, ‘‘खायाला कितीबी नेवा. पेरायला न्हाई.’’

त्या फाल्गुनात खळी चालू असताना अवकाळी भुरभुर झाली. दाणा पुरता वाळला नव्हता, आणि त्यातच बातमी आली की लेव्हीचे गिरदावर साहेब, म्हणजे पटवाऱ्यांवरचे अधिकारी, शिपायांसह निघालेत, आमच्या गावात मुक्काम आहे. ज्याला जमेल त्यानं दाणा लपवायला घेतला.

आमच्या भागात धान्य पेवात ठेवतात. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, पोट रांजणासारखं फुगलेलं. आतून काड लावायचं, कडक उन्हात वाळवलेला दाणा भरायचा, वर दगडी झाकण आणि त्यावर माती. एकदा सारवून घेतलं की अंगणात काही आहे हे परक्याला कळत नाही. काकांचं पेव त्यांच्या अंगणात, तुळशीपासून थोडं अलीकडे होतं.

मी माळवदावर होते. काका खळ्यावरून आणलेली ज्वारी थेट पेवात ओतत होते. ते अर्ध्यापर्यंत भरलं. मग ते घरात गेले आणि मडक्यांतलं बियाणं गोणीत भरून ती खांद्यावर घेऊन आले.

काकू आडव्या आल्या. ‘‘बी पेवात घालू नगा. मरतंय ते.’’

‘‘पावसाळाभर ऱ्हायलं तर मरतंय. मी काय तवर ठिवतोय? ते गेले की काढतो.’’

‘‘खालचा दाणा वला हाय. तापल तो.’’

‘‘शिपाई आला म्हंजी वाळलेला बी जातोय अन् वला बी. घरात कुटं ठिवू? तुझ्या पदरात?’’

काकू बाजूला झाल्या. गोणी आत गेली.

साहेब आले, चावडीत उतरले, आणि लवकर जाण्याचं चिन्ह दिसेना. घराघरांत झडती झाली. आमच्याकडे ते ओसरीवर बसले, चहा घेतला, बापूंशी उर्दूत पिकापाण्याच्या गोष्टी केल्या आणि कागदावर जेवढं होतं तेवढं मोजून नेलं. वयस्क गृहस्थ होते, दम्यानं धापा टाकायचे, कोणावर ओरडलेलं मी ऐकलं नाही. काकांच्या घरातली मडकी मात्र शिपायांनी पालथी करून बघितली. थोडी ज्वारी निघाली, ती नेली. उरलेली कुठे आहे म्हणून विचारत राहिले. काका म्हणत राहिले, पिकलीच नाही.

त्या दिवसांत काकू सारखी एक गोष्ट करायच्या. अंगण झाडताना पेवाच्या जागी वाकायच्या आणि जमिनीवर तळहात ठेवायच्या. क्षणभर, कोणाच्या लक्षात येणार नाही इतकाच. एकदा मी त्यांना काकांशी हळू आवाजात बोलताना ऐकलं. ‘‘भुई गरम लागायलीय.’’

‘‘उन्हानं.’’

‘‘सावलीत बी गरम हाय.’’

पेव उघडायची एक रीत आहे. झाकण काढून ते दिवसभर उघडं ठेवायचं, आतली गुदमरवणारी वाफ जाऊ द्यायची. मग दोरीनं दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं, राहिला तरच माणूस उतरवायचा. हे लहान पोरांनाही माहीत होतं, काकांना तर होतंच. पण दिवसभर उघडं ठेवलेलं पेव रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं, आणि चावडी तिथून हाकेवर होती.

मोगलाईत कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी असायची. त्या शुक्रवारी साहेब आणि शिपाई सकाळीच जिंतूरला गेले. धूळ खाली बसायच्या आत काकांनी अंगणातली माती उकरायला घेतली.

माय आणि मी माळवदावर कुरडया घालत होतो. दगड सरकला तसा आंबूस, दारूसारखा वास वर आला. माय नाकाला पदर लावून म्हणाली, ‘‘बिचारीचा दाणा सडला वाटतं,’’ आणि पुन्हा कामाला लागली.

काकांनी कंदील सोडला. तो लगेच विझला. काकू म्हणाल्या, ‘‘हं. आता दिवस कलूस्तोवर नाव काढू नगा.’’ त्यांनी तोंडाजवळ बाज उभी करून तिच्यावर गोधडी टाकली, म्हणजे दारातून दिसू नये. काका तिथेच बसून राहिले. मधूनच त्यांनी विहिरीचा गळ दोरीला बांधून आत टाकला आणि गोणी ओढून बघितली. ती पार कडेला गेली होती, गळ लागेना. ऊन चढल्यावर त्यांनी कंदील पुन्हा सोडला. या वेळी ज्योत बारीक झाली, पण राहिली.

‘‘ऱ्हायला,’’ काका म्हणाले.

‘‘निम्म्यावरच सोडलाव तुमी. खाली सोडा.’’

तेवढ्यात आमचा सालगडी रस्त्यानं पळत आला आणि काकांच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘‘काका, झाका झाका! सायबाची गाडी माघारी येऊ लालीय. वढ्यापशी हाय.’’

‘‘आज तर शुक्रवार हाय!’’

‘‘त्यास्नी कोन सांगावं. गाडी हाय खरी.’’

तो पुढे चावडीकडे गेला. काका उभे राहिले. झाकण लावलं असतं तर बी आत राहिलं असतं, आणि पुढचा शुक्रवार येईपर्यंत ते उगवण्याजोगं उरलं नसतं. त्यांनी दोरी कमरेला बांधली.

‘‘जाऊ नगा.’’ काकूंनी त्यांचा दंड धरला.

‘‘आत बसायला चाललो का? गोनी बांधतो अन् वर येतो. तू दोरी धर.’’

ते आत गेले. काकू पाय रोवून दोरी धरून उभ्या होत्या. खालून काकांचा आवाज आला, घागरीतून यावा तसा. ‘‘घावली.’’ मग दोरी हलली आणि त्यांनी काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही. काकूंना कळलं. त्या ओढायला लागल्या. दोरीच्या टोकाला गोणी आली. काकांनी कमरेची दोरी सोडून तिला बांधली होती.

काकूंनी घाईनं गाठ सोडली आणि दोरी परत आत टाकली. ‘‘धरा.’’

दोरी सैल राहिली.

‘‘आवं, धरा की.’’

माझे हात कुरडयांच्या चिकानं भरलेले होते. माय उठून उभी राहिली होती आणि माळवदावरून ओरडत होती, ‘‘पळा, पळा रे कुनीतरी.’’ काकू पेवाच्या तोंडाशी आडव्या पडून आत हात घालत होत्या. बापू आणि शेजारची माणसं आली. त्यांनी आधी काकूंना मागे ओढलं. मग घोंगड्या खालीवर करून पेवात हवा घातली, घागरीनं पाणी ओतलं. आमच्या सालगड्याला, तोच पळत परत आला होता, तोंडाला ओलं फडकं बांधून दोन दोऱ्यांवर उतरवलं. काकांना वर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा लालसर होता, नुकतेच रानातून आल्यासारखा. बराच वेळ लोक त्यांची छाती चोळत राहिले.

साहेबांची गाडी दारात थांबली ती त्यानंतर. ते कागद विसरले होते, ते न्यायला परत आले होते. गर्दी बघून आत आले. उघडं पेव, कंदील, गोणी, बाजेवर काका. त्यांनी टोपी काढली आणि बापूंना उर्दूत विचारलं, गोणीत काय आहे.

‘‘बियाणं,’’ बापू म्हणाले.

साहेब धापा टाकत उभे होते. ‘‘बियाणं होतं तर सांगायचं,’’ ते म्हणाले. ‘‘मागितलं असतं तर मी सोडलं असतं.’’

काकूंना उर्दू बऱ्यापैकी कळायची. त्यांनी साहेबांकडे नीट बघितलं. त्यांनी खरंच सोडलं असतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

लिंगायतांत पुरतात. काकांना बसवून, हार घालून, खुर्चीसारख्या तयार केलेल्या मखरातून नेलं आणि दुसऱ्यांदा जमिनीत उतरवलं. तेरावा झाला तसा लेव्हीचा कारकून आला. पेवातला वरचा काळा पडलेला थर त्यानं बाजूला काढायला लावला आणि खालचा दाणा मोजून नेला. गोणीला हात लावला नाही. साहेबांचा तसा हुकूम होता म्हणे.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर एका दुपारी काकूंनी मला हाक मारली. त्यांनी त्या गोणीतले मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवले होते. फडकं उघडायचं होतं आणि त्यांना एकटीनं उघडायचं नव्हतं, एवढंच मला समजलं. आम्ही उंबऱ्यात उजेडाला बसलो. फडक्याला आंबूस वास होता. दाणे फुगले होते, बोटाला चिकटत होते. काकूंनी ते एकेक बाजूला सारून बघितले. दोन-चारांना पांढरे कोंब होते, तेही वाकडे.

‘‘दुसरे बांधून बघू या का?’’ मी विचारलं.

‘‘बगितले की. हे तिसऱ्यांदा हाय.’’

दाजींना निरोप गेला. त्यांचं उत्तर आलं की सरकारी सवलतीचं बी फक्त तिकडच्या खातेदाराला मिळतं, आणि दाण्याची गोणी नाक्यावरून आणू देत नाहीत. आपण नंतर कधी प्रयत्न करू. नंतर म्हणजे कधी, ते त्यांनी कळवलं नाही.

पेरणीच्या तोंडावर काकू आमच्या ओसरीवर आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. बापू म्हणाले, ‘‘वैनी, रान पडीक ठिवलं तरी लेव्ही लागंलच. बी आमचं, बैल आमचे, रान तुमचं. निम्मं निम्मं करू.’’

‘‘अन् पुढल्या साली?’’

‘‘पुढचं पुढं बगू.’’

काकूंनी होकाराची मान हलवली. त्यात बापूंनी अन्याय केला असं गावात कोणी म्हणालं नाही. उलट मोठेपणा केला असंच म्हणाले. आमच्याकडे बी होतं. ते का उरलं होतं, हे त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

हस्त नक्षत्रात पेरणी झाली. मी न्याहारी घेऊन गेले. तिफण आमचा सालगडी हाकत होता आणि चाड्यावर काकू होत्या, म्हणजे मागून चालत मूठमूठ दाणा सोडत होत्या. त्यांच्या कमरेला ओटी बांधलेली, त्यात आमचं बी. मूठ एकसारखी पडत होती, तासामागून तास, म्हणजे तिफणीच्या एकेका ओळीत. बैल वळताना थांबले तेव्हा मी भाकरी पुढे केली. त्या म्हणाल्या, ‘‘एवढं तास हू दे.’’

दिवस मावळताना त्या आमच्या दारात आल्या. ओटीत थोडे दाणे उरले होते. त्यांनी मायला सूप मागितलं आणि ओटी त्यात झटकून रिकामी केली. शिवणीत अडकलेले दाणे नखानं काढून तेही सुपात टाकले.

माय म्हणाली, ‘‘आगं राहू दे की. भाकरीला व्हतील.’’

‘‘नगं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तुमचं हाय.’’

मायनं सूप घेतलं. मग आत जाऊन तिनं ते दाणे कणगीत ओतले.